मुळापासून बांधलेली भाषा

महाराष्ट्रातील तमाम सुज्ञ जनतेस कळवण्यास अत्यंत खेद होतो की, गेल्या रविवारी सकाळी कोथरूडच्या एका डेअरीत एक वयस्कर गृहस्थ इडलीचं तयार पीठ विकत घेताना आढळले. गृहस्थ पूर्ण शुद्धीवर होते. जबरदस्ती करणारं आसपास कुणी दिसलं नाही. मला पाहताच त्यांनी पिठाची पिशवी पाठीमागे नेली, आणि मी दोन्ही हात जोडून केलेला नमस्कार त्यांनी एकाच हाताने परत केला.

आपण म्हणाल, अर्धं पुणं तयार पिठावर जगतं, यात जनतेला कळवण्यासारखं काय आहे? आपण या गृहस्थांबरोबर एका कचेरीत बसलेला नाहीत, म्हणून असं म्हणता. मी बसलो आहे. तयार वस्तू घेणं हा ज्या माणसाने चारित्र्याचा प्रश्न करून ठेवला होता, ज्याच्या त्या हट्टापायी वर्ध्याहून आलेल्या एका मुलीची नोकरी जवळजवळ गेली होती, तो माणूस पिठाची पिशवी लपवतोय, हे पाहून माझा अख्खा रविवार फार चांगला गेला.

तेव्हाचे दिवस असे होते की देश नुकताच उघडला होता, परदेशी शीतपेयं परत आली होती, आणि पुण्यात ज्याच्याकडे बंगला होता आणि अमेरिकेत मेहुणा होता, त्याने सॉफ्टवेअर कंपनी काढली होती. आमच्या मालकांकडे दोन्ही होतं. हिंजवडीला तेव्हा उसाला पाणी देत असत. आयटी वगैरे जे काही होतं ते एरंडवण्यातल्या आमच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात होतं, आणि जेवणघरात यंत्र होतं. यंत्र म्हणजे संगणक. एकच. बाकी आम्हा बारा-तेरा जणांपुढे नुसते पडदे आणि कळफलक, सगळ्यांच्या तारा जेवणघरात गेलेल्या. यंत्राला एसी, माणसांना पंखा. यंत्र ज्यावर चालायचं ती युनिक्स नावाची प्रणाली एका परदेशी कंपनीने विकलेली होती, आणि जेवणघरात चपला काढून जावं लागे.

त्या जेवणघराचे मठाधिपती म्हणजे हे गृहस्थ. समोर आम्ही त्यांना ‘सर’ म्हणायचो, पाठीमागे ‘मूळपुरुष’. कारण जगातली कुठलीही गोष्ट त्यांना मुळापासून लागायची.

त्यांच्या घरचे गहू ते स्वतः गिरणीत नेत आणि पीठ होईपर्यंत तिथेच उभे राहत. आधीच्याच्या ज्वारीचं पीठ आपल्या पिठात येऊ नये म्हणून गिरणीवाल्याला दगड झाडायला लावत. गिरणीवाला त्यांना लांबून येताना बघून लाइट गेल्याचं सांगायचा, असं त्यांच्याच गल्लीतला एकजण मला म्हणाला. ऑफिसातला चहा ते घेत नसत. ‘कुणी केला, पाणी कुठलं, काही सांगता येतं का तुम्हाला?’ शेंगदाणे खारे नकोत, सोललेले नकोत. शेंगा आणायच्या आणि कळफलकाशेजारी बसून फोडायच्या. टरफलं कळफलकात.

त्यांना पत्ता विचारणं ही शिक्षा होती. तुम्ही कर्वे रस्त्यावर उभे असा आणि पुढच्या चौकातलं दुकान विचारा, ते सुरुवात करणार, ‘असं बघा, स्वारगेटहून निघालात की...’ मी एकदा म्हणालो, ‘सर, पण मी स्वारगेटला नाहीये.’ ते म्हणाले, ‘तोच तर तुमचा प्रॉब्लेम आहे. सुरुवात चुकीच्या ठिकाणाहून करता.’ कुणी विनोद सांगितला तर हसण्याआधी ते विचारत, हा मूळचा कुणाचा? ते कळेपर्यंत विनोद मरायचा, आणि मग ते म्हणायचे, ‘बघा, टिकला नाही.’

स्कूटर त्यांनी सुटे भाग आणून घरी जोडली होती. तिचा एक भाग नेहमी त्यांच्या खिशात असायचा. तो गाडीत का नाही, हे विचारायची सोय नव्हती.

आता या माणसाच्या हाती एक संगणक आणि एक भाषा आली तर काय होईल, याची कल्पना करा. नको, मीच सांगतो.

माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. तो यंत्राच्या आकड्यांत उतरवून द्यावा लागतो. ते काम करणाऱ्या प्रोग्रॅमला कंपायलर म्हणतात. बाहेरून आणलेली कुठलीही गोष्ट, अगदी प्रोग्रॅम लिहायची भाषासुद्धा, दोन प्रकारांनी मिळायची. एक, आधीच उतरवलेली. सीडी टाकली की चालू. दुसरी, मूळ लिखाण, जे आपल्या यंत्रावर आपणच उतरवायचं. म्हणजे एक वाढलेलं ताट, दुसरा शिधा. जगातली शहाणी माणसं ताटावर बसत होती. सर शिधा मागायचे.

गंमत अशी की आमच्या युनिक्ससोबत कंपनीने कंपायलर दिला होता तो लंगडा. घरच्या घरी थोडी डागडुजी करता यावी, एवढ्यापुरता. धडका हवा तर वेगळा विकत घ्या. आपण गाडी घ्यावी आणि बॉनेट उघडायची किल्ली वेगळी विकत मिळावी, तसं. यावर सगळं जग एक साधी गोष्ट करायचं: फुकट वाटला जाणारा एक चांगला कंपायलर तयार स्वरूपात आणून टाकायचं. सर म्हणाले, ‘तो कुणाच्या यंत्रावर उतरवला? त्या यंत्रावर आधी काय होतं? माहीत नाही ना? मग ते उष्टं झालं.’

त्यांनी त्या फुकट कंपायलरचा शिधा मागवला आणि लंगड्याकडून धडका बनवून घेतला. मग त्या धडक्यावरही विश्वास नाही, कारण त्याचा बाप लंगडा. म्हणून धडक्याकडून पुन्हा तोच धडका बनवला. मग त्याच्याकडून आणखी एक. शेवटचे दोन शेजारी ठेवून तंतोतंत सारखे आहेत का, ते तपासलं. त्यांच्या धंद्यात ही पद्धत खरोखरच आहे, मी पदरचं सांगत नाही. पण इतर लोक ती यंत्रावर सोपवून घरी जातात. सर समोर बसून ती अनुभवायचे. पडद्यावर ओळी झरझर वर जात आणि ते मान डोलावत, मधूनच ‘वा’ म्हणत. आणि एकच यंत्र असल्यामुळे तेवढा वेळ आम्ही बारा जण आपापल्या पडद्यापुढे एक अक्षर दाबून पाणी प्यायला जात असू. परत येईपर्यंत ते उमटलेलं असायचं.

या सगळ्यात संगीता अडकली होती.

संगीता वर्ध्याची. इंजिनियर होऊन कर्वेनगरच्या एका हॉस्टेलात राहत होती आणि आमच्याकडे प्रोबेशनवर होती. वडिलांनी सरळ सांगून टाकलं होतं, ‘नोकरी पक्की झाली तर राहा पुण्यात. नाही झाली तर परत ये, पाहुणे दोनदा येऊन गेले.’ पाहुण्यांचं आर्वीला खतांचं दुकान होतं. संगीताला खतांबद्दल आदर होता, पण लांबून. तिला पक्कं करायचं की नाही, हे मालक सरांच्या मतावर ठरवणार होते, आणि सरांचं मत तिने भोसरीच्या एका कारखान्यासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमवर ठरणार होतं. तो प्रोग्रॅम रोज सकाळी स्टोअरमधला कुठला माल संपत आलाय ते सांगायचा. चांगला लिहिला होता. मीच तपासला होता. फक्त तो पर्ल नावाच्या भाषेत होता, आणि ती भाषा आधी भोसरीच्या यंत्रावर असायला हवी होती. त्यांचं यंत्र आमच्याच जातीचं. पर्ल तयार मिळत होती. तिची सीडी यंत्रासोबतच आली होती आणि सरांच्या कपाटात सीलबंद होती.

‘सर,’ संगीता म्हणाली, ‘तयार मिळते ना ती. सीडी टाकली की झालं.’

सरांनी शेंग फोडली. ‘कुणाचं?’

‘काय कुणाचं, सर?’

‘झालं म्हणालात ना. कुणाचं झालं? त्या सीडीवाल्याचं झालं. आपलं काहीच झालं नाही. मी बांधून देतो तुम्हाला. मुळापासून.’

पर्ल उतरवायला घेतली की ती आधी प्रश्न विचारते. पुष्कळ विचारते. यंत्र कुठलं, हे आहे का, ते नको का. प्रत्येक प्रश्नापुढे तिने स्वतःच उत्तर सुचवलेलं असतं. आपण नुसतं एंटर दाबत जायचं. सर एंटर दाबत नव्हते. मुलीच्या बापाने चौकशी करावी आणि स्थळाने उत्तरं द्यावीत तसं प्रत्येक प्रश्नाला ते मोठ्याने, सविस्तर उत्तर देत आणि मग ते टाइप करत. एक प्रश्न असा होता की, ही भाषा यंत्रावर कुठल्या कप्प्यात ठेवू? सुचवलेलं उत्तर होतं, सगळ्यांच्या वापराचा कप्पा. सर म्हणाले, ‘सार्वजनिक ठिकाणी मी काही ठेवत नाही,’ आणि त्यांनी स्वतःच्या नावाचा कप्पा टाइप केला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. तिन्ही. मी ती इथे देत नाही. माणूस हयात आहे आणि फोन करतो.

या उत्तराचं महत्त्व तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात ठेवा.

भाषा उतरून झाल्यावर ती स्वतःच्या चाचण्या घेते. सगळ्या उत्तम पार पडल्या, एक सोडून. कुठल्याशा युरोपीय देशाची अक्षरं क्रमाने लावताना काहीतरी चुकत होतं. सर त्या देशाच्या मागे लागले. भोसरीला जायचा दिवस जवळ आला आणि सर त्या देशातून बाहेर यायला तयार नाहीत. शेवटी संगीता जेवणघराच्या दारात, चपला काढून, उभी राहिली.

‘सर, भोसरीच्या कारखान्यात त्या देशाचं कोणीच नाही नं.’

‘उद्या आलं तर?’

‘तर त्यांना मी मराठीत सांगीन सर, माल कुठला संपला ते.’

हे त्यांना आवडलं नाही. पण मालकांनी बाहेरून आवाज दिला, म्हणून त्यांनी तो सगळा कप्पा एका टेपवर भरून तिच्या हाती दिला. वर म्हणाले, ‘चालली नाही तर दोष भाषेचा नसेल, हे लक्षात असू द्या. त्यावरच तुमचं ठरवायचंय मला.’

भोसरीला मी बरोबर गेलो. स्टोअरचे प्रमुख अण्णा. जमीन कारखान्यात गेली तेव्हा तेही कारखान्यात आले, असं स्वतःच सांगायचे. त्यांच्या आसपास सात-आठ जण हाताची घडी घालून उभे. संगीताने टेप चढवली, पर्ल सगळ्यांच्या वापराच्या कप्प्यात ठेवली, प्रोग्रॅम सुरू केला. पडद्यावर एक चूक आली. अण्णांनी चष्मा लावून ती वाचली. इंग्रजीत काय होतं ते राहू द्या. त्यात मधोमध सरांची तिन्ही नावं होती.

झालं होतं असं. भाषा उतरवताना जो कप्पा सांगावा, तो पत्ता तिच्या पोटात कायमचा जातो. तिचं सगळं सामान ती त्याच पत्त्यावर शोधते. भोसरीच्या यंत्रावर ती आमच्या सरांचा पत्ता शोधत होती.

मी सरांना अण्णांच्याच टेबलावरून फोन लावला. ‘सर, ती तुमच्या नावाचा कप्पा शोधतेय.’

‘बरोबर आहे. तिला सांगितलंय तसं करतेय.’

‘पण इथे तो कप्पा नाही.’

‘मग दोष त्यांच्या यंत्राचा. त्यांना सांगा, यंत्र महिनाभर मोकळं ठेवा. मी येऊन मुळापासून बांधतो.’

‘सर, आणि संगीताचं?’

‘तिचं काय? मी म्हणालो होतो तिला.’ फोन ठेवला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिला शब्द ऐकू आले नसतील, पण माझ्या तोंडावर आर्वीचं दुकान दिसलं असावं. ती वळली आणि भोसरीच्या यंत्रावर तिने एक नवा कप्पा केला. त्याला सरांचं नाव, सरांच्या वडिलांचं नाव आणि सरांचं आडनाव दिलं, आणि टेपवरचं सगळं त्यात ओतलं. प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. बेअरिंगा संपत आल्यात, असं यंत्राने सांगितलं. एकजण धावत जाऊन पाहून आला. आल्या होत्या.

अण्णांनी चष्मा काढला. ‘बाई, त्ये मगाशी नाव आलं, आन आता तुमी पन त्येच घातलं. कुनाचं हाय?’

‘आमच्या सरांचं,’ संगीता म्हणाली. ‘ही भाषा त्यांनीच बांधली आहे. मुळापासून.’

यात एक अक्षर खोटं नव्हतं. सर दिवसातून कितीतरी वेळा हेच सांगायचे.

‘म्हंजी भाषाच त्यांनी केली?’ अण्णा म्हणाले. ‘आन आमी समजत व्हतो, असल्या गोष्टी तिकडून बोटीनं येत्यात.’ त्यांनी त्या सात-आठ जणांकडे वळून हुकूम सोडला की, साहेबांच्या कप्प्याला कुणी हात लावायचा न्हाय.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत सर तयारीने आले. मीही होतो. ‘या मुलीने,’ ते म्हणाले, ‘माझ्या नावाचा खोटा कप्पा उभा केला. मला न विचारता. वरवरचं काम. मुळाशी जायची वृत्तीच नाही. मी हिला पक्की करा म्हणू शकत नाही.’

तेवढ्यात फोन वाजला. अण्णांचा आवाज असा होता की मालकांनी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला, आणि आम्हा तिघांना सारखंच ऐकू आलं.

‘सायेब, तुमच्याकडं भाषा बनवनारा मानूस हाय आन तुमी इतक्या दिवसांत बोलला न्हाईत? बापाच्या नावासकट नाव हाय आमच्या मशिनीत. मोठ्या मालकांना दाखवलं मी. त्ये म्हनले, पुढचं काम बी यांनाच द्या.’

मालकांनी रिसीव्हरवर हात ठेवला. ते सरांकडे अशा नजरेने पाहत होते, जी आजवर फक्त अमेरिकेतल्या मेहुण्याला मिळत असे. ‘सर, हे खरं का? तुम्ही बांधलीत?’

सरांची अडचण मला स्पष्ट दिसत होती आणि मी तिचा पुरेपूर आनंद घेत होतो. नाही म्हणावं, तर जन्मभराचं ‘मुळापासून’ जातं. हो म्हणावं, तर त्यांच्या नावाचा कप्पा खोटा कसा?

‘बांधली... मीच,’ ते म्हणाले.

‘मग तो कप्पा, सर?’ मी अत्यंत आदराने विचारलं.

‘असू दे.’

‘आणि संगीता?’ मालकांनी विचारलं.

सर बराच वेळ खिशातला स्कूटरचा भाग चाचपत राहिले. ‘ठीक आहे,’ ते म्हणाले. ‘पक्की करा. सांगितलेलं ऐकते.’

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये संगीता वडिलांशी बोलली. काचेचं दार नीट लागत नव्हतं. ‘बाबा, पक्की झाली. हो. आर्वीले कळवून द्या.’ मग बाहेर येऊन तिने मला उसाचा रस पाजला.

इथे गोष्ट संपली असती तरी मी समाधानी होतो. पण भोसरीकरांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती: ज्याचं नाव यंत्रात, त्याची जबाबदारी. यंत्राचा पंखा वाजला, सरांना फोन. छपाईच्या कागदाचा बोळा झाला, सरांना फोन. एकदा अण्णांच्या टेबलाचा खण अडकला, त्यालाही सरच. ‘साहेब, तुमी एवढी भाषा बनवली, खनाचं काय.’ जात नाही असं म्हणायची सोय नव्हती, कारण पुढचं काम आलेलं होतं आणि मालक हसतमुखाने म्हणायचे, ‘सर, ते फक्त तुम्हालाच मानतात.’ मग सर घरी जोडलेल्या स्कूटरवरून निघायचे. स्कूटर नाशिक फाट्याला बंद पडायची. तिथून फोन यायचा. संगीता तो उचलायची आणि विचारायची, ‘सर, स्वारगेटहून निघालात का?’

दोन-तीन वर्षं हे चाललं. सरांच्या शेंगा कमी झाल्या. मान डोलावणं बंद झालं. एकदा तर मी त्यांना ऑफिसातला चहा पिताना पाहिलं, न विचारता.

आणि मग भोसरीला नवं यंत्र आलं. जुनं जाणार, म्हणजे कप्पाही जाणार, या बातमीने सर सकाळपासून प्रसन्न होते. दिवाणखान्यात आम्हा सगळ्यांमध्ये येऊन बसले होते. फोन वाजला तो त्यांनीच उचलला. अण्णांचा आवाज पूर्वीसारखाच होता.

‘साहेब, नवी मशीन लावली. तुमच्या नावाचा कप्पा पहिला केला, मग बाकीचं. आता सोमवारी या आन भाषा बनवा. आपल्या शाळेची पोरं बोलावलीत बघायला. मुळापासून करायची पन, हां. किती बी दिवस लागूंद्या, जेवनाची सोय माझ्या घरी हाय.’

सरांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. आम्ही सगळे थांबलो होतो. समोरच्या टेबलावर संगीता पडद्याकडे इतकी एकाग्र होऊन बघत होती की पडदा बंद आहे, हे तिच्या लक्षात आलं नसावं. तेव्हा ते बोलले. हळू बोलायचा विचार असावा त्यांचा, पण आवाज पार जेवणघरापर्यंत गेला.

‘अहो अण्णा, तयार मिळते ना ती. सीडी टाकली की झालं.’